भेकराची वही



जळगाव जामोद येथील एका वाचक भगिनींचे पत्र गेल्या महिन्यात आले. त्यांची कन्या बारावी विज्ञान शाखेतून उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली असून जैवतंत्रज्ञानाच्या पदवीस प्रवेश घ्यावा असा तिचा आग्रह आहे. घरात कापसाचा आणि धान्याचा पिढीजात व्यापार. सासरे नित्य सामायिक करणारे, पाणी गाळल्याविना न घेणारे. मुलीने शिकू नये असे त्यांचे म्हणणे मुळीच नाही. त्यांना भय आहे ते जीवहिंसेचे. नातीने आजोबांचे मन वळवावे म्हणून त्यांना हरणांच्या डीएनएविषयीचा एक लेख मोठ्याने वाचून दाखवला. एकच मजकूर हजारो वेळा लिहिलेला आढळतो आणि त्यावरून कोणते हरीण कोणाचे भावबंद हे कळते, असा त्याचा आशय होता. आजोबांनी शांतपणे ऐकून घेतले आणि दोन प्रश्न विचारले. हे वाचण्यासाठी किती हरणे मारली? आणि तेच ते पुन्हा पुन्हा लिहिलेले असेल, तर त्यात हिशेब तो काय? नात निरुत्तर झाली. "आता तुम्हीच सांगा," असे ताई लिहितात.

दोन्ही प्रश्न अस्सल व्यापाऱ्याचे आहेत: किंमत काय मोजली, आणि हाती काय आले. उत्तर देताना मी क्रम उलटा करतो, कारण हाती काय आले हे समजल्यावाचून किमतीची चर्चा कोरडी होईल.

जळगाव जामोदच्या वाचकांना सातपुड्याची ओळख करून देण्याचे कारण नाही. गावाच्या उत्तरेस डोंगररांग उभीच आहे. शेजारच्या संग्रामपूर तालुक्यातील अंबाबरवा अभयारण्य मेळघाटच्या जंगलाला लागून आहे. त्या रानात चितळ, सांबर आणि भेकर ही हरणे राहतात. यांतील भेकर सर्वांत लहान, तांबूस अंगाचे आणि एकलकोंडे. ते सहसा कळपाने दिसत नाही. दिसण्यापूर्वी ऐकू येते. धोक्याची चाहूल लागताच ते कुत्र्यासारखे भुंकते आणि बराच वेळ भुंकत राहते. वाघ-बिबट्यांचा माग काढणारे वनरक्षक त्या आवाजाकडे कान लावून असतात.

या लाजऱ्या प्राण्याने 1970 साली जगभरच्या जीवशास्त्रज्ञांना चकित केले.

प्रत्येक प्राण्याच्या पेशीत, तिच्या केंद्रकात, डीएनएचे लांब धागे असतात. पेशी विभागण्याच्या वेळी हे धागे आखडून जाड होतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली काड्यांसारखे दिसतात. त्यांना गुणसूत्रे म्हणतात. प्रत्येक जातीची गुणसूत्रसंख्या साधारणतः ठरलेली असते. निम्मी आईकडून येतात, निम्मी वडिलांकडून. मनुष्याची 46, म्हणजे 23 जोड्या. ही संख्या निश्चित झाली तीच मुळी 1956 साली. चितळाची 66, सांबराची 58, बारशिंग्याची 56. हरिणकुळाच्या आद्य पूर्वजाची 70 असावीत असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. तेव्हा भेकराचीही अशीच पन्नास-साठ असतील, अशी अपेक्षा होती. डोरिस वुर्स्टर आणि कर्ट बेनिर्श्के या अमेरिकेतील संशोधकांनी मोजली तेव्हा मादीची भरली सहा आणि नराची सात. सस्तन प्राण्यांत याहून लहान संख्या आजवर आढळलेली नाही.

नवल एवढ्यावर संपत नाही. चीनमध्ये भेकराचा एक सख्खा भावबंद आहे, रीव्हजचे भेकर. दोघे शेजारी उभे केले तर अंगकाठीत, शिंगांत, नराच्या बाहेर डोकावणाऱ्या सुळ्यांत साम्य उघड दिसते. त्याची गुणसूत्रे मात्र 46. म्हणजे एका घरातील दोन भावांपैकी एकाचा व्यवहार 46 वह्यांत आणि दुसऱ्याचा सहा वह्यांत! (रीव्हजच्या भेकराचा आणि आपला आकडा एकच आहे, याला काडीचाही अर्थ नाही. नीलगायीचीही 46च आहेत. वह्यांच्या संख्येवरून पेढीची थोरवी कोणी ठरवू नये.)

येथे वहीचा दृष्टान्त थोडा पुढे न्यावा म्हणतो, कारण आपल्या घरांत तो समजावून सांगावा लागत नाही. दिवाळीला लाल खारव्याच्या नव्या वह्यांचे पूजन होते. पहिल्या पानावर स्वस्तिक, "श्री"ची उतरंड, लाभ-शुभ, कोठे गौतमस्वामींचे नाव. तो मजकूर प्रत्येक वहीत तोच असतो आणि वर्षानुवर्षे तोच राहतो. त्यात जमा नाही, खर्च नाही, कोणाचे येणे नाही की देणे नाही. हिशेबनिसाच्या दृष्टीने ते पान कोरेच. आता कल्पना करा की एखाद्या पेढीवर जागा अपुरी पडू लागली आणि मुनीमजींनी तेवीस पातळ वह्या एकामागे एक ठेवून त्यांच्या तीन जाड वह्या शिवून घेतल्या. व्यवहाराची नोंद एकही गेली नाही. शंभर वर्षांनी ती जाड वही कोणी उघडली, तर तिच्या शिवणीचा पत्ता त्याला कसा लागावा? मधल्याच पानावर अचानक स्वस्तिक आणि "श्री" दिसेल. वहीच्या पोटात मंगलाचरण कशाला? कारण तेथे पूर्वी दुसऱ्या वहीचे पहिले पान होते.

भेकराच्या गुणसूत्रांत नेमके हेच सापडले.

डीएनएची लिपी चार अक्षरांची असते: ए, टी, जी आणि सी. हरणाच्या एका संचात अशी सुमारे अडीच अब्ज अक्षरे असतात. त्यांतील फारच थोडा भाग प्रथिने घडवण्याच्या कामी येतो. मनुष्यात तो दोन टक्क्यांहूनही कमी आहे. उरलेल्यातील फार मोठा हिस्सा पुनरावृत्तीचा आहे, म्हणजे तोच शब्द किंवा तेच वाक्य शेकडो, हजारो, काही वेळा लक्षावधी वेळा. 1961 साली उंदराचा डीएनए दाट क्षारद्रवात प्रचंड वेगाने फिरवला असता मुख्य पट्ट्याच्या बाजूला एक लहानसा पट्टा वेगळा पडला. तो या पुनरावृत्त मजकुराचा होता. मोठ्या ग्रहाच्या सोबतीने उपग्रह असावा तसा तो दिसला, म्हणून त्याला सॅटेलाइट डीएनए हे नाव पडले. पुढे 1972 मध्ये सुसुमु ओहनो यांनी निरुपयोगी वाटणाऱ्या डीएनएसाठी अडगळ या अर्थाचा शब्द वापरला. तो शब्द इतका लोकप्रिय झाला की पुष्कळांनी त्या अडगळीकडे पुढे पाहिलेच नाही.

कापसाच्या व्यापाऱ्याला हे ऐकून सरकी आठवली तर नवल नाही. जिनिंगमध्ये रुई महत्त्वाची, सरकी हे उरलेले. परंतु त्या उरलेल्याचेच तेल निघाले आणि ढेप झाली. अर्थात मी दुसऱ्या टोकाला जाऊ इच्छित नाही. पुनरावृत्त डीएनएचा प्रत्येक कण कोणत्या तरी गूढ कामासाठी आहे, असा दावा हल्ली उत्साहाने केला जातो. तेवढा पुरावा नाही. त्यातील काही भाग निश्चितपणे कामाचा आहे, आणि काही खरोखरच वर्षानुवर्षे साठत गेलेला आहे. कामाच्या भागाची दोन ठिकाणे आपल्या विषयासाठी महत्त्वाची आहेत.

पहिले ठिकाण गुणसूत्राचे टोक. बुटाच्या नाडीच्या टोकाला जशी पक्की नळी असते तसे गुणसूत्राच्या दोन्ही टोकांना टेलोमिअर नावाचे आवरण असते. सस्तन प्राण्यांत ते टी-टी-ए-जी-जी-जी या सहा अक्षरांच्या अखंड पुनरुक्तीने बनते. ते टोक झिजले किंवा तुटले की गुणसूत्र दुसऱ्या गुणसूत्राला चिकटू शकते. दुसरे ठिकाण म्हणजे गुणसूत्रबिंदू. पेशी विभागताना गुणसूत्राला ज्या जागी धरून एका बाजूस ओढले जाते, ती ही जागा. येथे सॅटेलाइट डीएनएची दाट वस्ती असते. रीव्हजच्या भेकरात गुणसूत्रबिंदू बहुधा गुणसूत्राच्या अगदी टोकाशी असतो. म्हणजे आपल्या दृष्टान्तात मंगलाचरणाचे पान आणि वहीचा दोरा शेजारी शेजारी.

1975 साली टी. सी. सू, भारतात शिकून अमेरिकेत गेलेले सेन पाठक आणि त्यांचे सहकारी चेन यांनी एक तर्क मांडला. भेकराची मोठी गुणसूत्रे लहान गुणसूत्रे टोकाला टोक जोडून बनली असावीत, आणि जोडल्या गेलेल्या गुणसूत्रांचे बिंदू एक सोडून बाकीचे निद्रिस्त झाले असावेत. निद्रिस्त होणे अटळच आहे. एकाच गुणसूत्राला दोन ठिकाणी धरून दोन दिशांना ओढले तर ते तुटेल. एका वहीचे दोन मालक झाल्यावर काय होते ते आपण पेढ्यांच्या वाटण्यांत पाहिले आहेच.

तर्क सुंदर होता. पण तर्क म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा त्या अडगळीने दिला.

कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात सी. सी. लिन यांच्या गटाने रीव्हजच्या भेकरातील गुणसूत्रबिंदूपाशी असणारा एक पुनरावृत्त तुकडा वेगळा केला. त्याला खूण जोडली आणि तो आपल्याकडील भेकराच्या गुणसूत्रांवर सोडला. डीएनएचा स्वभाव असा, की तुकड्याला आपल्या जोडीचा मजकूर जेथे सापडेल तेथेच तो चिकटतो. 1991 साली त्यांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा: रीव्हजच्या भेकरात हा तुकडा अपेक्षेप्रमाणे गुणसूत्रबिंदूंपाशी चिकटला, आपल्या भेकरात मात्र तो लांबलचक गुणसूत्रांच्या मध्यभागी, ठिकठिकाणी, ठिपक्यांसारखा उमटला. दोन वर्षांनी त्याच गटाने टोकाचा सहा अक्षरी मजकूरही गुणसूत्राच्या पोटात असल्याचे दाखवले. टोकावर असायचा मजकूर मधोमध! वहीच्या पोटातील "श्री"ची उतरंड ती हीच. 2004 मध्ये काही जोड प्रत्यक्ष अक्षरशः वाचले गेले, आणि टोकाचा मजकूर व सॅटेलाइट मजकूर एकमेकांना लागून शिवलेले आढळले.

हिशेब मांडून पाहू. पूर्वजाच्या एका संचात 35 गुणसूत्रे. रीव्हजच्या भेकराच्या संचात 23, म्हणजे किमान बारा जोड. आपल्या भेकराच्या संचात तीन, म्हणजे किमान बत्तीस जोड. उत्क्रांतीच्या मापाने हे सारे फार थोड्या काळात, काही दशलक्ष वर्षांत घडले. 2020 साली दोन्ही भेकरांचा संपूर्ण मजकूर गुणसूत्रनिहाय जुळवून वाचला गेला. तेव्हा दिसले की आतील नोंदींचा क्रम दोघांत बहुतेक ठिकाणी सारखाच आहे. मलायातील तांबडे भेकर तर मधल्या पायरीवर थांबलेले दिसते. त्याच्या मादीची गुणसूत्रे आठ आणि नराची नऊ.

नराचे एक जास्त का, हा प्रश्न चौकस वाचकाच्या मनात आलाच असेल. भेकरात मादीपणाशी संबंधित एक्स गुणसूत्रही स्वतंत्र राहिलेले नाही. ते तिसऱ्या गुणसूत्राला जोडले गेले आहे. मादीकडे अशा दोन जोडवह्या असतात. नराकडे एकच जोडवही असते, म्हणून तिसऱ्या गुणसूत्राची दुसरी प्रत त्याला सुटी ठेवावी लागते आणि वाय गुणसूत्र वेगळे. झाली सात.

इतके जोड का घडले, याचे पूर्ण उत्तर हाती नाही. एक कारण मात्र मान्यता पावले आहे. ठिकठिकाणी एकसारखा मजकूर असल्यामुळे नक्कल होताना किंवा तुटलेले सांधताना पेशीची गल्लत होते. दोन वह्यांची सारखी दिसणारी पाने एकमेकांत अडकावीत तसे. म्हणजे या पुनरुक्तीने जोडाची खूण तर ठेवलीच, पण जोड घडण्यासही तिचा हातभार लागला असावा.

भावबंदकीचा प्रश्न राहिला. पुनरावृत्त मजकूर एकाच जातीत तोच असला तरी निरनिराळ्या जातींत तो थोडा थोडा बदलत जातो. हरिणकुळातील अनेक जातींत एका सॅटेलाइट कुटुंबाचा मजकूर आढळतो. त्याचे मूळ वाक्य साधारण आठशे ते हजार अक्षरांचे. एका जातीतील त्याच्या हजारो प्रती परस्परांशी बऱ्याच जुळतात, पण शेजारच्या जातीतील प्रतींशी तुलना केली की ठराविक ठिकाणी फरक दिसतात. कारंजा लाड येथील जैन ग्रंथभांडारांत ज्यांनी हस्तलिखिते हाताळली आहेत त्यांना ही रीत ओळखीची वाटेल. एका लेखकाने अक्षर गाळले, त्या प्रतीवरून ज्याने नक्कल केली त्याच्याकडेही ते गळते. समान चूक दिसली की समान मूळ कळते. हरणांच्या बाबतीत सामायिक चुका म्हणजेच वंशावळ. कोणी याला जपमाळेची उपमा देतात. ती मोहक आहे, पण मला पटत नाही. जपात प्रत्येक मण्यामागे तेच नाम यावे असा साधकाचा प्रयत्न असतो. येथे कोणाचा काही प्रयत्न नाही, प्रती होतात आणि चुकत जातात. त्याचप्रमाणे हे सारे आपल्या आगमांत आधीच सांगून ठेवले आहे असे म्हणण्याचाही मोह आपल्यापैकी काहींना होतो. आगमांनी जीवांचे वर्गीकरण इंद्रियांच्या संख्येवरून केले, ते दयेचा आचार ठरवण्यासाठी. तेथे हरीण पंचेंद्रिय तिर्यंच आहे. गुणसूत्रे मोजणे हे त्या ग्रंथांचे प्रयोजन नव्हते, आणि त्यावाचून त्यांना उणेपणाही येत नाही.

मग इतके जवळचे हे दोन भाऊ एक आहेत की दोन? याचाही छडा वह्यांनीच लावला. चीनमधील कुनमिंग येथे शी लिमिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही भेकरांच्या संकरातून झालेल्या पिलांचा अभ्यास 1980 साली प्रसिद्ध केला. नर पिलाची गुणसूत्रे 27 होती. एका बाजूच्या 23, दुसऱ्या बाजूच्या चार. ते पिलू जगले, वाढले. शरीर चालवण्यास दोन्ही संच पुरेसे होते, कारण आतील नोंदी जुळत होत्या. परंतु शुक्रपेशी बनताना आईच्या आणि बापाच्या गुणसूत्रांना जोडीजोडीने शेजारी यावे लागते. तेवीस पातळ आणि चार जाड वह्या समोरासमोर कशा मांडायच्या? तेथे काम अडले, आणि वंश पुढे गेला नाही. नोंदी बहुतांशी जुळत असूनही बांधणी बदलल्याने दोन घराणी विभक्त झाली. मला व्यक्तिशः हा प्रयोग रुचत नाही, ज्ञानासाठीसुद्धा. वंध्य होणारे पिलू मुद्दाम जन्माला घालण्यात काही तरी बोचते. पण त्यातून जे कळले ते लपवून ठेवणे हेही प्रामाणिकपणाचे नव्हे.

आजोबांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना एक गोष्ट जोडतो, कारण ती व्यापारी घराच्या अंगणातील आहे. वारसाहक्काच्या दाव्यांत न्यायालय जी डीएनए चाचणी मान्य करते, ती प्रामुख्याने या पुनरावृत्त मजकुरावरच उभी आहे. तोच शब्द एखाद्याकडे ठराविक ठिकाणी बारा वेळा लिहिलेला असतो, दुसऱ्याकडे पंधरा वेळा, आणि हा आकडा आईवडिलांकडून मुलांकडे जातो. इंग्लंडमध्ये ॲलेक जेफ्रीज यांनी 1984 साली ही वाट उघडली. आपल्या देशात हैदराबादच्या पेशी आणि रेण्वीय जीवशास्त्र केंद्रात लालजी सिंग यांनी मण्यार जातीच्या सापातील सॅटेलाइट डीएनएवरून तयार केलेला तुकडा वापरून स्वदेशी पद्धत घडवली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. रांजेकर यांनी वनस्पतींमधील पुनरावृत्त डीएनएवर दीर्घकाळ काम केले. म्हणजे तेच ते पुन्हा लिहिलेले असते त्यात हिशेब आहे. नुसता मजकूर पाहून तो लागत नाही, किती वेळा आणि कोणत्या पानावर हे पाहावे लागते.

आता पहिला प्रश्न. किती हरणे मारली?

गुणसूत्रे पाहण्याची रीत अशी. प्राण्याच्या त्वचेचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा किंवा थोडे रक्त घेतात. त्यातील जिवंत पेशी काचेच्या बाटलीत पोषक द्रवात वाढवतात. त्या विभागू लागल्या की कोल्चिसिन नावाचे रसायन घालून विभाजन मध्येच थांबवतात. हे रसायन कळलावीच्या कंदात आणि बियांतही असते. पावसाळ्यात रानात पिवळ्या-तांबड्या ज्वालांसारखी फुलते ती कळलावी. मग पेशी सौम्य क्षारपाण्यात ठेवून फुगवतात म्हणजे गुणसूत्रे सुटी होतात. ही फुगवण्याची युक्ती वर उल्लेखलेल्या सू यांचीच, 1952 सालची, आणि तीही प्रयोगशाळेत द्रव चुकून पातळ झाल्यामुळे हाती लागलेली. अशा पेशी अतिशीत नळ्यांत वर्षानुवर्षे जपून ठेवता येतात आणि हव्या तेव्हा पुन्हा वाढवता येतात. बेनिर्श्के यांनी सॅन डिएगो येथे 1970च्या दशकात वन्यप्राण्यांच्या पेशींचे असे शीतभांडारच उभारले. गुणसूत्रे थोडी आणि मोठी असल्यामुळे भेकराच्या पेशी पेशीविभाजनाचा अभ्यास करणाऱ्यांच्या विशेष आवडीच्या आहेत. एका प्राण्यापासून सुरू झालेल्या पेशींवर देशोदेशी काम चालते. तेव्हा गुणसूत्र मोजण्यासाठी हरीण मारावे लागत नाही, हे आजोबांना निःशंकपणे सांगावे.

परंतु उत्तर येथेच थांबवले तर मी हिशेबातील एक रक्कम दडवल्यासारखे होईल. ज्या पोषक द्रवात पेशी वाढवतात त्यात बहुतेक ठिकाणी गर्भस्थ वासराच्या रक्ताचा सीरम घातलेला असतो. कत्तलखान्यात गाभण गाय कापली गेल्यावर तिच्या पोटातील वासरापासून तो मिळतो. हे वाक्य लिहिताना हात थबकतो, पण ते सत्य आहे. हरीण वाचले, वासराचे काय? सीरमविरहित द्रव उपलब्ध आहेत आणि त्यांचा वापर वाढतो आहे. पण ते प्रत्येक प्रकारच्या पेशीला मानवत नाहीत, महागही पडतात. नातीने ज्या शास्त्रात जायचे ठरवले आहे त्यात हा प्रश्न अजून सुटलेला नाही. तो सोडवण्याचे काम कोणाला तरी करावे लागेल. ते काम ज्याच्या मनाला ही बोच लागते त्याने करावे, की बोच लागते म्हणून त्याने त्या दारात पाऊलच ठेवू नये, याबद्दल आपल्या समाजात दोन मते आहेत. मी पहिल्या मताचा आहे. ज्यांना वासराची आठवणही होत नाही त्यांच्यावरच हे शास्त्र सोपवून आपण घरात स्वच्छ बसलो, तर एकही वासरू वाचत नाही. आजोबांना हे पटेलच असे नाही, आणि त्यांनी मान्य केले नाही तरी त्यांच्या शंकेचा मान कमी होत नाही.

व्यवहाराच्या दोन-चार गोष्टी ताईंसाठी. प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकात बेडूक-झुरळ कापावे लागत असे ते दिवस बहुतांशी सरले. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2014 साली प्राणिशास्त्र आणि जीवशास्त्राच्या पदवी व पदव्युत्तर शिक्षणात प्राण्यांचे विच्छेदन बंद करण्यास सांगितले आहे. तरीही प्रवेशापूर्वी महाविद्यालयात जाऊन प्रात्यक्षिकांची वही प्रत्यक्ष पाहावी. पत्रकावर विसंबू नये. औषधनिर्माणशास्त्राकडे वळल्यास प्राण्यांवरील चाचण्यांचा प्रश्न वेगळा आणि अधिक कठीण आहे, हेही आताच बोलून घ्यावे. जैवतंत्रज्ञानातील एक मोठी शाखा आता संगणकावर चालते. वाचून झालेले डीएनए मजकूर सार्वजनिक भांडारांत विनामूल्य ठेवलेले असतात आणि दोन्ही भेकरांचे संपूर्ण मजकूर त्यांत आहेत. मुलीने घरी बसून ते उतरवून घेतले आणि टी-टी-ए-जी-जी-जी ही अक्षरे गुणसूत्राच्या पोटात कोठे कोठे येतात ते शोधले, तर त्यासाठी नव्याने कोणत्याही जीवाला स्पर्श करावा लागत नाही. रानातील अभ्यासासाठीही हल्ली लेंड्या, गळालेले केस किंवा झडलेली शिंगे पुरतात. हैदराबादच्या त्याच केंद्राची वन्यजीवांसाठीची प्रयोगशाळा तर जप्त केलेल्या मांसाच्या तुकड्यावरून ते कोणत्या प्राण्याचे आहे हे सांगते. शिकाऱ्यांविरुद्धच्या खटल्यांत वनखात्याला त्याचा आधार होतो. हरणाचे मांस बकऱ्याचे म्हणून खपवणे त्यामुळे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही.

पत्राच्या अखेरीस ताईंनी सासऱ्यांचे आणखी एक वाक्य लिहिले आहे. सोळावे तीर्थंकर शांतिनाथ भगवंतांचे लांछन हरीण. नेमिनाथ भगवंतांनी विवाहाच्या दारातून रथ वळवला तो कोंडलेल्या हरणांचा आक्रोश ऐकून. अशा हरणाला नातीने सूक्ष्मदर्शकाखाली का ठेवावे, असे ते म्हणाले. यावर मी एवढेच सुचवीन: या हिवाळ्यात आजोबा आणि नात दोघांनी मिळून अंबाबरवाच्या रानात एक सकाळ घालवावी. वनखात्याची परवानगी घेऊन, गाडी सावकाश नेऊन. चितळ दिसेल, नशीब असेल तर सांबर. भेकर बहुधा दिसणार नाही. झाडीतून त्याचे भुंकणे आले, तर नातीने आजोबांना सांगावे की ते ओरडणारे जनावर मादी असेल तर सहा वह्यांचे आहे, नर असेल तर सातांचे. आणि आजोबांनी तिला नेमिनाथांची कथा पुन्हा एकदा सांगावी. प्रवेशाची मुदत तोवर उलटू देऊ नये, अर्ज आधी भरून ठेवावा.